चार किलोंचा दांडा

मुलांनो, मी जूचंद्रला राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड. झाल्यापासून माझे दिवस तिसरी-चौथीच्या मुलांमध्येच जातात. मोटारीतलं मला काही कळत नाही, असं मी अगदी परवापर्यंत सगळ्यांना सांगत होते. पण माझ्या धाकट्या भावामुळे मला एका लोखंडी दांड्याची गोष्ट शिकावी लागली. तीच आज तुम्हांला सांगते.

भाऊ महामार्गाजवळच्या एका गॅरेजमध्ये काम शिकतो. त्याच्याकडे जुनी मारुती ८०० आहे. ही गाडी १९८३ साली आली आणि २०१४ साली बनायची थांबली. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरातली पहिली मोटार तीच असेल! भावाच्या डोक्यात मात्र ड्रॅग रेस शिरली होती.

ड्रॅग रेस म्हणजे काय? आपली बैलगाडा शर्यत कशी सरळ धावेवर असते, तशीच ही मोटारींची. वळण नाही, फेऱ्या नाहीत. बहुतेक वेळा पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर अंतर. सरळ रेषेत जो आधी पोहोचेल तो जिंकला. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या विमानाच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ या नावाने अशा शर्यती झालेल्या आहेत. अशी शर्यत बंद धावपट्टीवर, हेल्मेट घालून, गाडी तपासूनच करायची असते. रस्त्यावर असलं काही करायचं नाही, हे मी भावाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

एका संध्याकाळी पाहते तर स्वारी अंगणात गाडीखाली आडवी!

“ताई, जरा बॅटरी धर ना,” आतून आवाज आला.

“काय काढतोयस रे?”

“बॅलन्स रॉड. ड्रॅगवाले पुढचा रॉड काढून टाकतात. वजन वाचतं. आपल्याला सरळच तर जायचंय!”

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करताच विचारलं, “आरं, गारी बनवनारे काय येरे व्हते?”

मला हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. मी विचारलं, “हा रॉड करतो तरी काय?” भावाने बरंच काही सांगितलं, पण मला कळेल असं काहीच सांगितलं नाही. वर्गात मी मुलांना नेहमी म्हणते, जे शेजारच्याला समजावता येत नाही, ते आपल्यालाही नीट समजलेलं नसतं. मी बॅटरी बंद केली. म्हटलं, “उद्या रविवार आहे. आधी तुझ्या उस्तादांना विचारू, मग पाना हातात घे.”

उस्तादांनी भिंतीवर टांगलेला मारुतीचाच एक जुना रॉड काढला. जाड सळई, दोन्ही टोकं एकाच बाजूला वाकवलेली. एक टोक माझ्या हातात, दुसरं भावाच्या हातात, आणि मधला भाग त्यांनी स्वतः धरला.

“बाई, दोघांनी एकदम वर उचला.” उचललं. दांडा मध्ये सहज फिरला.

“आता फक्त तुम्ही उचला. याने आपलं टोक खालीच धरायचं.” मी जोर लावला. दांडा हलेचना! चादर पिळताना दोघं दोन टोकं धरतात, तसा पीळ त्याला पडत होता आणि तो पीळ घ्यायला तयार नव्हता.

“झालं तर मग,” उस्ताद म्हणाले. “वळणावर गाडी एका अंगाला झुकते. एक चाक आत दबतं, दुसरं सुटतं. तेव्हा हा दांडा पिळला जातो आणि गाडीला जास्त झुकू देत नाही.”

“पण उस्ताद, ड्रॅगमध्ये वळणच नसतं!” भावाचा मुद्दा.

“मग तो काढणाऱ्यांची गाडी कुठल्या चाकांवर पळते ते बघितलंस का? त्या मोठ्या गाड्यांची मागची चाकं ओढतात. सुटताना नाक वर उठतं, भार मागे जातो, मागच्या टायरांना पकड मिळते. म्हणून काही जण पुढचा रॉड काढतात. पण मागचा? तो ठेवतात, कधी अधिक कडकही बसवतात. कारण इंजिनाचा जोर गाडीला पिळतो. एक मागचं चाक जास्त दाबलं जातं, दुसरं कमी, आणि गाडी तिरकी पळते. मागचा रॉड दोन्ही चाकांवरचा भार सारखा राखायला मदत करतो. वजन वाचवायचं म्हणून तो पुष्कळदा पोकळ नळीचा करतात.”

पोकळ? मग कमजोर नाही का होणार? इथे मात्र माझ्यातली बाई जागी झाली. आम्ही कागदावर हिशेब मांडला. २० मिलिमीटर जाडीच्या दांड्याला मधोमध १० मिलिमीटरचं भोक पाडलं, तर वजन एक चतुर्थांश कमी होतं. पण पीळ सोसण्याची ताकद जाते फक्त एक सोळांश! पीळ सोसायचं बहुतेक काम बाहेरचा थरच करतो, मधलं लोखंड नुसतं वजन वाढवतं. आहे की नाही गंमत?

“आता तुझी मारुती,” उस्ताद भावाकडे वळले. “ती पुढच्या चाकांवर पळते. नाक उचललं तर तुझीच पकड गेली. आणि दुसरं ऐक. या गाडीत हा रॉड दोन कामं करतो. चाकाच्या खालच्या आर्मला पुढे-मागे सरकू न देणारा हाच. हा काढलास तर ब्रेक मारताना चाक जागेवर राहायचं नाही.”

भाऊ गप्प झाला. मीही. कारण आदल्या संध्याकाळी दोनच नट काढायचे बाकी होते, आणि सकाळी आईला घेऊन त्याच गाडीतून चंडिकादेवीच्या डोंगरावर जायचं ठरलं होतं.

शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर आम्ही तो जुना रॉड ठेवला. चार किलोही भरला नाही. माणसासकट गाडी साधारण ७०० किलोंची. वीसहून जास्त सेकंदांच्या धावेत त्याने किती वेळ वाचला असता? हिशेब केला, तर सेकंदाचा विसावा भागही नाही! पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

मग उस्तादांनी डिकी उघडायला लावली. आत स्टेपनी, जॅक आणि घराच्या कामातून उरलेलं फरशीचं एक खोकं! तीन महिने ते आमच्याबरोबर फुकट फिरत होतं. “हे काढ की आधी,” उस्ताद म्हणाले. “शर्यतीच्या दिवशी स्टेपनी आणि मागची सीटही काढ, घरी येताना परत बसव.” फरशीचं खोकं एकटंच रॉडच्या कितीतरी पट जड होतं.

सोमवारी हे सगळं मी वर्गात सांगितलं. एक मुलगी म्हणाली, “बाई, आमच्या दप्तराचं पण वजन करू या ना!” २०२० च्या सरकारी धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं असं सांगितलेलं आहे. आम्ही दप्तरं उपसली. गेल्या वर्षीच्या वह्या निघाल्या, गोट्या निघाल्या, एकाच्या दप्तरात तर चक्क अर्धी वीट निघाली!

एका मुलाचं दप्तर मात्र अगदी हलकं होतं. मी त्याला शाबासकी देणार, तेवढ्यात तो म्हणाला, “बाई, मी पाण्याची बाटली घरीच ठेवतो.”

“उद्यापासून बाटली आणायची,” मी म्हटलं. “आणि ती गेल्या वर्षीची वही घरी ठेवायची.”

भावाची गाडी अजून शर्यतीला गेलेली नाही, तयारी चालू आहे. रॉड जागच्या जागी आहे. त्याने त्याचे नट पुन्हा आवळले आणि झिजलेले रबरही बदलले. आईने विचारलंच, “बसवलास ना रं ते?”

“हो गं आई. दोन्ही नट लावले.”