लेसामाच्या कुंपणापाशी

लाल-पांढरे पट्टे, जिकडे बघावं तिकडे लाल-पांढरे पट्टे! बाबागाडीतल्या तान्ह्या बाळाच्या टोपीवर, आजोबांच्या गळ्यातल्या मफलरवर, एका आडदांड कुत्र्याच्या पाठीवरसुद्धा. उत्तर स्पेनमधल्या बास्क मुलखात हिवाळाभर भुरभुर पाऊस पाठ सोडत नाही, तसा तो तेव्हाही पडत होता. पण छत्री उघडायचं कुणाच्या मनातही नव्हतं. नाताळच्या सुटीतली सकाळ. बिल्बाओजवळच्या लेसामा गावात अ‍ॅथलेटिक क्लब या फुटबॉल संघाच्या सरावाचं मैदान सगळ्यांना खुलं होतं आणि माझ्या बहिणीची दोन्ही मुलं माझे हात ओढत पुढे धावत होती. "मावशी, चल ना, ते बाहेर येतील आता!"

मी मात्र जागच्या जागी थबकले. समोर, भाताच्या खाचरांसारख्या हिरव्यागार टेकड्यांच्या पार्श्वभूमीवर, एक प्रचंड पांढरी पोलादी कमान आभाळात चढली होती. १९५३मध्ये बिल्बाओच्या जुन्या सान मामेस स्टेडियमचं छप्पर तोलायला उभारलेली ही कमान. २०१३मध्ये ते स्टेडियम पाडलं, शेजारी नवं बांधलं, पण कमान भंगारात द्यायला कुणाचा जीव धजेना! म्हणून ती इथे, सरावाच्या मैदानापाशी आणून बसवली. आमच्याकडे जुना वाडा पाडला तरी त्याचा कोरीव दरवाजा जपून ठेवतात, तसंच काहीसं. फक्त हा दरवाजा नजरेत मावत नाही, मान मागे टाकून टाकून दुखायला लागते.

आणि एकदम खडखडाट होतो. बुटांच्या तळाचे खिळे फरसबंदीवर वाजताहेत. एक जोडी, दहा जोड्या, वीस! पोरं कुंपणाला चिकटलीत, जाळीतून बोटं बाहेर आलीत. "आउपा! आउपा!" बास्क मुलखातली ही आरोळी माझ्या भाच्याच्या बेंबीच्या देठापासून निघतेय. मग बूट गवतात शिरतात, खडखडाट थांबतो आणि ओल्या मातीचा वास उठतो. खेळाडू गोल करून उभे राहतात, मधे दोघं, आणि चेंडू असा काही फिरायला लागतो की डोळ्यांना तो दिसतच नाही, नुसता आवाज येतो : टप, टप, टप. टीव्हीवर हा आवाज कधी ऐकूच येत नाही, तिथे समालोचक बोलत असतात. इथे तो छातीत वाजतो. मधल्याच्या दोन पायांमधून चेंडू गेला की बाकीचे खेळाडू ओरडतात, आणि त्यांच्याहून मोठ्यानं ओरडतात कुंपणाबाहेरची पोरं.

मी कोल्हापूरची. फुटबॉल मला नवा नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब असा सामना म्हटलं की पेठाच्या पेठा कशा ओस पडतात, ते मी लहानपणापासून पाहिलंय. गोल मारणारा पोरगा दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी चहा पिताना दिसायचा. मोठ्या, श्रीमंत, जगभर नाव असलेल्या क्लबात ही ऊब उरत नसणार, अशी माझी पक्की समजूत होती. लेसामानं ती समजूत पार धुऊन काढली.

कारण हा क्लबच जगावेगळा आहे. १८९८मध्ये स्थापन झालेला आणि १९१२पासून फक्त आपल्याच मातीतले, म्हणजे बास्क मुलखात जन्मलेले किंवा इथेच खेळ शिकलेले खेळाडू घेणारा. बाकीचे क्लब ब्राझीलपासून जपानपर्यंत माणसं विकत घेतात, आणि हे आपल्या मुलखाबाहेर पाहायलाच तयार नाहीत! तरीही १९२९मध्ये स्पॅनिश लीग सुरू झाल्यापासून पहिल्या श्रेणीतून कधीही खाली न गेलेले क्लब तीनच : रेआल माद्रिद, बार्सेलोना आणि हा. आपल्या माणसांचा हा हट्ट कोता मात्र नाही. क्लबचे खेळाडू इन्याकी आणि निको या विल्यम्स बंधूंचे आईवडील घानाहून सहाराचं वाळवंट तुडवून आले. थोरला बिल्बाओत जन्मला, धाकटा पाम्प्लोनात. दोघंही इथलेच, पोरांच्या पाठीवर सगळ्यांत जास्त दिसणारं नाव त्यांचंच. आमच्या तालमीही आता बाहेरचे खेळाडू आणतात, आणू देत. पण पेठेचा पोरगा गोल मारतो तेव्हा जे काळजात होतं, ते इथे शंभराहून जास्त वर्षं जपलंय, हे पाहून माझा ऊर भरून आला.

२०२४च्या एप्रिलमध्ये या क्लबनं चाळीस वर्षांनी राजाचा चषक जिंकला. मिरवणूक निघाली ती रस्त्यावरून नव्हे, नदीतून! सगळा संघ एका मालवाहू तराफ्यावर आणि नेर्व्हियोन नदीच्या दोन्ही काठांवर लाखो माणसं. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला. अनंत चतुर्दशीची गिरगाव चौपाटी आठवावी, फक्त गुलालाऐवजी लाल-पांढरा धूर. माझी भाची त्या दिवशी बापाच्या खांद्यावर होती म्हणे.

सराव संपला आणि खेळाडू थेट कुंपणाकडे आले. शांतपणे, एकेका मुलापाशी थांबत. एका उंच बचावपटूनं भाचीच्या शर्टावर सही करायला पेन टेकवलं, पण कापड भिजलेलं, शाई उमटेना. पुढे सरकून गेला असता तरी कुणी बोललं नसतं. त्यानं जॅकेटची चेन उघडली, आतला कोरडा काठ तिच्या खांद्यावर दाबून धरला, पाणी टिपलं, फुंकर मारली आणि मग सही केली. शिवाय विचारलं, "तू कुठे खेळतेस?" आपण खेळतो हे त्यानं गृहीतच धरलं, याचाच पोरीला केवढा आनंद! इथे मुलींनी खेळावं यात नवल नाही. या क्लबच्या महिला संघानं स्पॅनिश लीग पाच वेळा जिंकली आहे.

मला वाटलं, झालं, आता घरी. पण गर्दी फुटण्याऐवजी पलीकडच्या मैदानाकडे वळली. तिथे दहा-अकरा वर्षांची पोरं सरावाला उतरत होती, क्लबच्या प्रबोधिनीतली. काय सांगू, त्यांच्याभोवतीही तेवढीच दाटी! आजोबांनी खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढून माझ्या ओंजळीत ओतल्या आणि एकेका पोराकडे बोट दाखवून त्याचं गाव सांगायला सुरुवात केली. तो बेर्मेओचा, कोळ्यांच्या गावचा. तो दुरांगोचा. डावखुरा आहे ना, तो बासाउरीचा, त्याच्या पायाकडे बघा. आणि तो गोलकीपर गेर्निकाचा. भाचा कुंपणावर चढून ओरडतोय, बियांची टरफलं पायाखाली कुरकुरताहेत, आणि बासाउरीच्या पोरानं डाव्या पायानं उचललेला चेंडू गोलकीपरच्या बोटांवरून थेट जाळीत!