आप्पांचा ॲम्प्लिफायर

माझे वडील, आप्पा, धुळ्यात ध्वनिक्षेपक भाड्याने देत असत. लग्नसराई असो वा गणेशोत्सव, कर्णे, माईक आणि ॲम्प्लिफायर घेऊन ते खेडोपाडी जात. वयाच्या 81व्या वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात दुबळा झाला. मी त्यांना जळगावला माझ्या घरी आणले. सामानाबरोबर त्यांचे दोन जुने ॲम्प्लिफायरही आले.

व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू दाबण्याचा त्यांना कंटाळा येई. त्यांना आनंद व्हावा, म्हणून मी एका ॲम्प्लिफायरची दर्शनी पट्टी गुपचूप उजळायला घेतली. पॉलिश पेपरने घासताच काळसरपणा गेला, पट्टी चकचकीत झाली. पण बटणांखालची अक्षरे आणि आकडेही पुसले गेले. आप्पांनी डाव्या हाताची बोटे तिच्यावरून फिरवली आणि विचारले, "हाई कोनं शे?"

तो अहिराणी प्रश्न मला फार लागला. ज्या वस्तूच्या आधारावर त्यांनी संसार केला, तीच मी परकी करून ठेवली होती. मग ध्यानात आले, की शुश्रूषेतही माझे हेच चालले होते. त्यांच्या सदऱ्याची बटणे मी लावी, घास मी भरवी. काम लवकर उरके. पण त्यात आप्पा कुठेच नसत.

दुसरा ॲम्प्लिफायर मी त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटले, "आप्पा, आता तुम्हीच सांगा." ते सांगू लागले. अशा पट्ट्यांच्या ॲल्युमिनियमवर विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा कठीण थर चढवलेला असतो. त्याला ॲनोडायझिंग म्हणतात. तो थर घासून काढला, की उघड्या धातूवर घामाचे डाग पडू लागतात. म्हणून आधी नुसते कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ सुती कापड. धातूवर बारीक रेघा असतील, तर हात त्याच दिशेने फिरवायचा, गोल गोल नव्हे. अक्षरांवरून कापूस हलकेच टेकवीत न्यायचा. स्पिरिटने छपाई उडू शकते.

ओळखीच्या मेकॅनिककडून पट्टी सुटी करून घेतली, कारण वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये घातक दाब शिल्लक राहू शकतो. रंगवलेल्या पेटीला आम्ही घासकाम केलेच नाही. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. काही जण ॲनोडायझिंग उतरवण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात. तो त्वचा व डोळे भाजतो. ॲल्युमिनियमशी संयोग झाला की ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. घरात हा प्रयोग मुळीच नको.

रोज दुपारी चारला, चहानंतर, 20 मिनिटे आमचे काम चाले. डाव्या हाताने पट्टी धरायची आणि उजव्या हाताने कापड फिरवायचे, हे आप्पांनी स्वतःच ठरवले. कापड वारंवार गळे. मी उचलायला वाके, तेव्हा ते म्हणत, "राहू दे माय, मी उचलतो." कधी दोन मिनिटे लागत, कधी पाच. थांबणे मला जड जाई. पण मी थांबायला शिकले.

पट्टी नवी दिसली नाही. आवाजाच्या बटणाभोवती त्यांच्या अंगठ्याने वर्षानुवर्षे झिजवलेला एक फिकट अर्धगोल होता. तो आम्ही तसाच ठेवला. आप्पांचा हातही पूर्वीसारखा झाला नाही; डॉक्टरांनी सांगितलेले औषध आणि व्यायाम चालूच आहेत. मात्र सदऱ्याची वरची दोन बटणे आता ते स्वतः लावतात, आणि चार वाजले की कापड मागतात.

आपल्या घरीही अशी एखादी वस्तू असेल. शिलाई यंत्र असेल, अडकित्ता असेल, पितळी डबा असेल. ती स्वच्छ करून ज्येष्ठांच्या हाती देण्याआधी, ती कशी स्वच्छ करायची हे त्यांनाच विचारून पाहावे.