पासवर्ड काढला

कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या पीएलसीचा प्रोग्रॅम गिऱ्हाइकाच्या हाती देताना त्याला पासवर्ड घालायचाच, या मताचा मी बरीच वर्षं होतो. डोकं लावून लिहिलेलं लॉजिक दुसरा पॅनेलवाला जसंच्या तसं उचलतो. शिवाय रात्रपाळीत कुणी एखादा टायमर हलवला, तर बोल आपल्यालाच लागतो. बाजारात मिळणारा हा कंट्रोलर एखाद्या खास कामाला जुंपायचा, हा माझा धंदा. तो खासपणा कुलपात असला तरच त्याला किंमत, असं मला वाटे.

हे मत डळमळलं ते दुधाच्या पाश्चरायझरवर. तिथे दूध ७२ अंशांवर १५ सेकंद राहिलंच पाहिजे. तापमान घसरलं की डायव्हर्जन व्हॉल्व्ह दूध परत बॅलन्स टँककडे वळवतो. वाफेची झडप पीआयडी ब्लॉक सांभाळतो. पण पुष्टकाळात, म्हणजे दूध भरपूर असताना, पूर्ण प्रवाहावर केलेलं ट्यूनिंग उन्हाळ्यात चालत नाही. दूध घटलं, पंपाचा वेग उतरवला, की तेवढीच वाफ दूध जास्त तापवते आणि सेन्सरला ते उशिरा कळतं. झडप उघडझाप करत राहते. म्हणून प्रवाहाप्रमाणे पीआयडीचा गेन बदलणारा तक्ता मी प्रोग्रॅममध्ये बसवला होता. अर्थात कुलपाआड.

तिथला ऑपरेटर म्हणाला, "साहेब, सकाळी धुऊन सुरू केलं की झडप बरोबर चालती. दुपारनंतर प्लेटांवर थर धरला की तिला उशिरा जाग येती."

दूध तापवणाऱ्या प्लेटांवरचा हा थर माझ्या तक्त्यात येणंच शक्य नव्हतं. आम्ही प्लँट चालू करून देतो तो स्वच्छ प्लेटांवर, आधी पाण्यावर. थर कधी धरतो, किती धरतो, हे रोज तिथं उभ्या असलेल्या माणसालाच माहीत. आणि नेमका तोच माणूस माझ्या पासवर्डमुळे बाहेर होता.

१९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंऐवजी कारखान्यातच सहज बदलता येईल असा कंट्रोलर हवा होता. त्यातून मोडिकॉन ०८४ हा पीएलसी आला. प्रोग्रॅम लिहायची लॅडरची आकृती रिलेच्या नकाशासारखी ठेवली, ती इलेक्ट्रिशियनला वाचता यावी म्हणूनच. हे मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ मी मनावर घेतला नव्हता.

आता तक्ता स्क्रीनवर असतो. प्रत्येक आकड्याला खालची-वरची मर्यादा, सुपरवायझरचं लॉगिन, आणि कुणी कधी काय बदललं याची नोंद. प्रोग्रॅमची प्रत गिऱ्हाइकाकडे राहते, लॅडरच्या प्रत्येक पायरीवर मराठीतून टीप, रोमन लिपीत का होईना. डायव्हर्जनचं इंटरलॉक मात्र आजही बंदच ठेवतो. कच्चं दूध पुढे जाऊ शकेल अशी कळ कुणाच्याही हाती देणार नाही. तिथे माझं मत तसूभर हललेलं नाही.

लॉजिक उचललं जाण्याची भीती अजून आहे. म्हणून प्रोग्रॅमिंगची रक्कम आता कोटेशनमध्ये वेगळी लिहितो आणि ती हार्डवेअरच्या सवलतीत बुडू देत नाही.