जमिनीचा आग्रह मी का सोडला

हिवाळ्यात डोंगरात मुक्काम करायचा तर पाठ जमिनीलाच टेकली पाहिजे, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. जबलपुरातल्या राइट टाउनमधली, गोलबाजारातली, मदनमहालकडची कितीतरी मुलंमुली माझं हे बोलणं ऐकून पहिल्यांदा सातपुड्यात गेली. दोन झाडांमध्ये कापड टांगून त्यात झोपायचं, म्हणजे हल्लीचा हॅमॉक, हे माझ्या लेखी उन्हाळ्यातल्या दुपारचं सुख होतं. थंडीच्या रात्रीशी त्याचा काही संबंध असू शकतो, हे मला पटत नसे. आज मी उलट सांगते. सातपुड्याच्या झाडीभरल्या उतारावर, पौष महिन्याच्या रात्री, नीट बांधलेल्या आणि खालून नीट झाकलेल्या हॅमॉकइतकी चांगली झोपायची जागा दुसरी नाही. ज्यांना मी आधी वेगळं शिकवलं, त्यांना या बदलाची कारणं कळायला हवीत, म्हणून हे लिहिते आहे.

जुन्या मतालाही कारणं होती, आणि ती मला आजही क्षुल्लक वाटत नाहीत. जबलपुरात वाढलेल्या माणसाच्या मनात उघड्यावरचा मुक्काम म्हणजे आधी नर्मदेची परिक्रमा. कार्तिकात देव उठले की ग्वारीघाटावर परिक्रमावासी दिसू लागतात. मिळेल त्या ओट्यावर, देवळाच्या पडवीत, काठावरच्या धर्मशाळेत पथारी पसरून ते रात्र काढतात. आपल्याच शहरातले अमृतलाल वेगड १९७७पासून नर्मदाकाठ पायी फिरले. शांतिनिकेतनात घडलेल्या या चित्रकाराच्या पुस्तकांनी आमच्यासारख्या अनेकांना घराबाहेर काढलं. या सगळ्यातून मनात एक भाव रुजला होता: जमिनीवर झोपणं ही नम्रता आहे. डोंगरात जाऊन स्वतःला अधांतरी टांगून घ्यायचं, म्हणजे ज्याच्या भेटीला आलो त्याला हातही न लावता परतायचं, असं मला वाटे.

दुसरं कारण डोळ्यांनी पाहिलेलं होतं. जाडजूड स्लीपिंग बॅग घेऊन हॅमॉकमध्ये शिरलेली धडधाकट मुलं मध्यरात्रीनंतर कुडकुडत उठून शेकोटीपाशी बसलेली मी अनेकदा पाहिली. अंगावर आणखी दोन ब्लँकेटं घातली तरी पाठ गारच राहायची. त्याच रात्री तंबूत कॅरीमॅटवर झोपलेली मुलं सकाळपर्यंत हलायची नाहीत. मग निष्कर्ष सरळच होता.

त्या निष्कर्षाला पहिला धक्का माझ्या भाचीने दिला. ती सह्याद्रीत भटकणारी, हिवाळ्याच्या सुटीत आमच्याकडे आलेली. मी माझं नेहमीचं म्हणणं मांडलं, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, हॅमॉक थंड नसतो गं. तुमच्या मुलांनी पांघरूण घेतलं, अंथरूण कुठे घेतलं?"

तिचं म्हणणं समजून घ्यायला ऊब कशी राहते ते आठवावं लागतं. रजईतला कापूस किंवा स्लीपिंग बॅगमधलं पीस स्वतः ऊब देत नाही. त्यात अडकून स्थिर राहिलेली हवा आपल्या अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपण स्लीपिंग बॅगवर आडवे झालो की खालचा थर वजनाने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि पाठीखाली उरतं ते नुसतं कापड. जमिनीवर ही उणीव कॅरीमॅट भरून काढते. हॅमॉकखाली मात्र रात्रभर वारा खेळत असतो आणि पाठीची ऊब सारखी पळवत असतो. म्हणून वर कितीही पांघरा, उपयोग नाही. उपाय असा की एक दुलई हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या बाजूने टांगायची. तिच्यावर अंगाचा भार येत नाही, त्यामुळे ती फुगलेलीच राहते आणि तिच्यातली हवा स्थिर राहते. भटकी मंडळी तिला अंडरक्विल्ट म्हणतात. ती हॅमॉकला अलगद टेकलेली हवी. फट राहिली तर तिथून वारा शिरतो आणि फार ताणली तर ती दबते.

हे ऐकताना मला आमच्या घरातली सुतळीची बाज आठवली. हिवाळ्यात बाजेवर झोपायचं तर आई आधी खाली दोन गोधड्या घालायची आणि मग पांघरुणाचं बघायची. बाजेवर थंडी खालून येते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तरीही तेवढ्याने माझं मत बदललं नाही. ते बदललं छिंदवाडा जिल्ह्यात, तामियाला. २०२३पर्यंत सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी बोलणारा भागही ज्यात होता, तो हा जिल्हा उत्तरेला सातपुड्याच्या पठारावर चढतो. तिथे सुमारे १,००० मीटर उंचीवर तामिया आहे, आणि जवळच सुमारे ४०० मीटर खोल गेलेली पाताळकोटची दरी आहे. दरीत भारिया आणि गोंड वस्त्या आहेत. आम्ही एका गोंड शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या रानात उतरलो होतो. नाल्याकाठी सुंदर सपाट, गवताळ जागा होती. मी तंबूसाठी तीच निवडली. भाची वर उतारावर, मोहाच्या दोन झाडांपाशी गेली. शेतकरी मला म्हणाला, या दिवसांत त्या सपाटीवर आम्ही गुरंसुद्धा बांधत नाही. मी तंबू तिथेच ठोकला.

पहाटे तंबूबाहेरचं दहिवर गोठून गवत पांढरं झालं होतं. तंबूच्या आतल्या कापडावर श्वासाची वाफ जमून थेंब गळत होते. मी वर चढले, तेव्हा काही पावलांतच हवेतला फरक चेहऱ्याला जाणवला. मोहाखालचं गवत साधं ओलं होतं. भाची गाढ झोपलेली होती.

मी शाळेत भूगोल शिकवला आहे. तापमानाची विपरीतता फळ्यावर आकृती काढून शिकवली आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते. तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते, उतारावरून ओघळते आणि खोलगट जागी साचते. म्हणून नेहमीचा नियम त्या रात्री उलटतो आणि तळापेक्षा उतारावर जास्त ऊब असते. मंडला-बालाघाटकडच्या सालवनात खोलगट कुरणांच्या काठी सालाची कोवळी रोपं याच गारठ्याने करपतात. पाताळकोटच्या काठावरून हिवाळी सकाळी खाली पाहिलं तर साचलेली हवा धुक्याच्या रूपाने दिसते. त्या सकाळी या धड्याचा मला नवा अर्थ लागला. तंबूला सपाट जागा लागते, आणि आमच्या डोंगरांत सपाट जागा बहुधा तळाशीच सापडते. म्हणजे तंबू निवडला की थंडीचं घरही आपण निवडतो. हॅमॉकला सपाटी लागत नाही, दोन झाडं पुरतात. तो आपल्याला उबदार पट्ट्यात झोपू देतो. शिवाय वरची पानांची छत्री अंगाची उष्णता थेट आकाशात जाऊ देत नाही.

त्या शेतात एक मचाणही होतं. उभ्या पिकाची राखण करायला डुकरांच्या वाटेवर उभारलेलं. शेतकरी हिवाळाभर त्यावर झोपतो. मी वर चढून पाहिलं: फांद्यांच्या तक्तपोशीवर वीतभर तणस अंथरलेलं, त्यावर घोंगडं. ऊब खाली आणि माणूस अधांतरी. उंचावर, थंडीत, निवांत झोपण्याची विद्या या डोंगरात आधीपासून होती. बाहेरून आलेलं होतं ते फक्त नायलॉन.

पुढची रात्र मी हॅमॉकमध्ये काढली आणि त्यानंतर हिवाळ्यात सहसा तंबू नेला नाही. या काळात जे कळलं ते सांगते, कारण नुसतं मत बदलल्याने कुणाची पाठ गरम होत नाही.

बांधणी नीट हवी. झाडं सुमारे ४ ते ५ मीटर अंतरावरची, जिवंत आणि जाड बुंध्याची. वाळलेलं झाड किंवा डोक्यावर लोंबणारी वाळकी फांदी दिसली तर ती जागा सोडायची. दोरी वापरायची नाही, ती सालीत रुतते. दोन-अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून रुंद पट्टे घ्यायचे. पट्ट्याचा आडव्या रेषेशी कोन ३० अंश ठेवायचा. तेवढ्या कोनात प्रत्येक टोकावर साधारण आपल्या वजनाइतका ताण येतो. ताठ ओढून कोन १० अंशांवर आणला तर ताण जवळजवळ तिप्पट होतो; झाडाला इजा, पट्ट्याला धोका, आणि झोप वाईट. हॅमॉक सैल असला की त्यात तिरकं झोपता येतं आणि पाठ सरळ राहते. उंची खुर्चीवर बसल्याइतकी पुरे.

वर ताडपत्री किंवा टार्प हवाच, कारण आमच्याकडे हिवाळ्यात मावठं येतं आणि दव तर रोजचंच. पट्ट्यावर एक सुतळी बांधून खाली सोडली की झाडावरून ओघळणारं पाणी तिथेच गळून जातं. अंडरक्विल्ट नसेल तर कॅरीमॅट हॅमॉकमध्ये घाला, मात्र खांद्यांपाशी आणखी एक तुकडा आडवा हवा, कारण कापड तिथे अंगाला बिलगतं. झोपण्यापूर्वी चांगलं जेवायचं, घामट कपडे बदलायचे, टोपी घालायची, गरम पाण्याची बाटली पायाशी घ्यायची. एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही: हॅमॉकखाली निखारे ठेवणं किंवा बंदिस्त टार्पखाली गोरसी (निखाऱ्यांची शेगडी) पेटती ठेवणं. नायलॉन पेटतं, आणि निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो.

जिथे माझं मत बदललेलं नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. सह्याद्रीच्या उघड्या माथ्यांवर, कळसूबाईच्या १,६४६ मीटरांवर, हॅमॉक टांगायला झाड नाही आणि वाऱ्याला आडोसा नाही. हिमालयात वृक्षरेषेच्या वरच्या बुग्याळांत तंबूच लागतो. पचमढी आणि १,३५२ मीटरांचा धूपगड आमच्या सर्वांच्या प्रेमाचा, पण सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मनाला येईल तिथे रात्र काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. हॅमॉक अस्वलापासून किंवा बिबट्यापासून वाचवत नाही. म्हणून वस्तीजवळ, मालकाच्या परवानगीने, त्याने दाखवलेल्या झाडांनाच बांधायचा. मोहाचं झाड म्हणजे त्या घराचं उत्पन्न. उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलं गळू लागली की अस्वलंही तिथे येतात. त्या दिवसांत त्याच्याखाली आपलं काही काम नाही.

राहिला प्रश्न नम्रतेचा. तो माझ्यासाठी सगळ्यात मोठा होता. आठ-दहा तंबू एका रात्रीसाठी लागले की गवत आडवं होतं, चर खणले जातात, दगड उपटले जातात. तीच सपाटी रानडुकरांची, चितळांची, गुरांची वाट असते. हॅमॉक काढून घेतल्यावर झाडाखाली आपल्या पावलांखेरीज फारसं काही उरत नाही. जमिनीला पाठ लावण्याला मी आदर मानत होते. आता वाटतं, तिला तिच्या जागी सुखाने राहू देणं हाही आदरच आहे, आणि नाजूक उतारावर तो अधिक खरा आहे. परिक्रमावासीयांचा ओटा वेगळा. तो माणसांनी माणसांसाठी बांधलेला आहे, आणि त्यावर पथारी टाकण्यातली नम्रता मला आजही तितकीच मोलाची वाटते.

या सगळ्यातून मी एक गोष्ट घेतली आहे. माझा अनुभव खरा होता, ती मुलं खरंच कुडकुडली होती. पण तो अनुभव एक भाग कमी असलेल्या वस्तूचा होता, आणि मी त्या कमी भागाऐवजी सगळी वस्तूच बाद केली होती. मोठ्या माणसांच्या शब्दाला आपल्याकडे मान असतो, म्हणून असा शब्द देताना त्यामागचा अनुभव नेमका कशाचा होता, हेही सांगायला हवं. मी आता मुलांना निष्कर्षाआधी कारण सांगते: ऊब म्हणजे स्थिर हवा, गार हवा खाली वाहते, वजनाने दुलई दबते. एवढं कळलं की हॅमॉक, तंबू की मचाण, ते त्यांचं ते ठरवू शकतात.

आणि पहिली रात्र डोंगरात नको, घरीच काढा. जानेवारीत जबलपूरचा पारा दहाच्या खाली जातो, शिकायला तेवढी थंडी पुरेशी आहे. राइट टाउनच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात अजून कुठे आंबा आणि कडुनिंब हॅमॉकजोगत्या अंतरावर उभे आहेत. जागोजागी अपार्टमेंट उठत असताना ही झाडं जपायला मला आता आणखी एक कारण मिळालं आहे. कुणाच्या अंगणात अशी जोडी असेल तर मला बोलवा. पट्टे, टार्प आणि खालची दुलई मी घेऊन येईन, आणि सगळं बांधायला शिकवीन.