गाठीतली प्रतिकारशक्ती वाचताना

शिरोळ तालुक्यात कॅन्सरचा विषय निघाला की बोट आधी पंचगंगेकडे जातं, मग उसावरच्या फवारणीकडे. ती काळजी रास्तच आहे. नदी स्वच्छ व्हायलाच हवी. पण मूत्राशयाच्या कॅन्सरपुरतं बोलायचं, तर ज्याच्याविरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा आहे ते कारण म्हणजे तंबाखूचा धूर. बिडी-सिगारेटमधली ॲरोमॅटिक अमाइन्स रक्तातून मूत्रपिंडात उतरतात आणि लघवीबरोबर पिशवीच्या अस्तराला तासन्‌तास लागून राहतात. याच कुळातल्या रसायनांमुळे रंगाच्या कारखान्यातले कामगार या रोगाला बळी पडतात, हे जर्मनीत लुडविग रेन यांनी १८९५ सालीच मांडलं होतं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. दुर्बिणीतून काढलेले गाठीचे तुकडे माझ्याकडे येतात. दोन रुग्णांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात, औषधही एकच दिलं जातं. तरी एकाला गुण येतो आणि दुसऱ्याची गाठ पुन्हा उगवते. असं का होतं, हा माझ्या क्षेत्रातला आज सर्वांत मोलाचा प्रश्न आहे.

ते औषध म्हणजे बीसीजी. तान्ह्या बाळाच्या डाव्या दंडावर टोचतात तीच क्षयाची लस, फक्त मात्रा कितीतरी मोठी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही ती या कॅन्सरसाठी तयार होते. कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली अवघ्या नऊ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि १९९० मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. नळीवाटे औषध पिशवीत सोडतात, रुग्णाने ते दोन तास धरून ठेवायचं. आठवड्याला एकदा, असे सहा आठवडे. नंतर आग होते, कधी कणकण येते. ती प्रतिकारशक्ती जागी झाल्याची खूण असते, कारण या उपचारात गाठीवर मुख्य हल्ला शरीराच्या स्वतःच्या पेशी करतात.

त्यासाठी पेशींना जंतू ओळखता यावा लागतो. ओळखणारी प्रथिनं म्हणजे रिसेप्टर. बीसीजीच्या बाबतीत टीएलआर-२ आणि टीएलआर-४ महत्त्वाचे. त्यांची जनुकं प्रत्येक पेशीत असतातच. पण पाट सगळ्यांच्या बांधावरून गेला तरी ज्याचं दारं मोडलं त्याच्याच सरीत पाणी जातं, तसंच जनुकांचं. कोणतं जनुक उघडं आहे आणि किती, ते त्याच्यावरून निघणाऱ्या नकलेवरून, म्हणजे आरएनएवरून, मोजता येतं. काही अभ्यासांत निरोगी अस्तराच्या मानाने गाठीत हे रिसेप्टर कमी आढळले आहेत.

दुसरीकडे गाठ स्वतःचा बचावही करते. तिच्या पेशींवरचं पीडी-एल१ हे प्रथिन प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवरच्या पीडी-१ रिसेप्टरला जाऊन भिडतं आणि टी-पेशी थंडावतात. काचपट्टीवर पीडी-एल१ तपकिरी कडांसारखं उमटतं. ही जोडी तोडणारं अटेझोलिझुमॅब २०१६ मध्ये अमेरिकेत या कॅन्सरसाठी मंजूर झालं. पण पुढच्या मोठ्या चाचणीत पीडी-एल१ भरपूर असलेल्या रुग्णांतही ते केमोथेरपीपेक्षा सरस ठरलं नाही, आणि केमोथेरपीनंतर वापरण्याची तिथली मान्यता २०२१ मध्ये कंपनीने मागे घेतली. २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं, की काही गाठींत टीजीएफ-बीटा या संदेशामुळे टी-पेशी भोवतालच्या तंतूंतच अडकतात, आत शिरतच नाहीत. म्हणून एका जनुकावर निकाल देता येत नाही. ओळखणारे, रोखणारे आणि वाट अडवणारे, सगळ्यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

हा हिशेब आपल्या रुग्णांचा हवा. २०१७ साली ४१२ गाठींच्या जनुकांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यातले बहुतेक रुग्ण पाश्चात्त्य होते. आपल्याकडे तुकडे रोज निघतात, पण आरएनए नाजूक असतो. तुकडा ताबडतोब, त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडाला नाही, तर त्यातलं वाचण्यासारखं बरंच काही नष्ट होतं. तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरात एवढी शिस्त पाळली, तर इथला रुग्ण उद्याच्या संशोधनात मोजला जाईल.

आणि तो तुकडा वेळेत मिळायला हवा. लघवी लाल झाली पण दुखत नाही, म्हणून उन्हाळी समजून धन्याचं पाणी पीत बसू नका. एकदाच दिसलं आणि थांबलं, तरी सोनोग्राफी करा, डॉक्टर सांगतील तर दुर्बीणही करून घ्या. निदान होताना दर चारांपैकी सुमारे तिघांची गाठ स्नायूत शिरलेली नसते. बीसीजीचा उपयोग याच टप्प्यावर आहे. गाठ स्नायूत उतरली की बहुधा पिशवीच काढावी लागते.