कोंडा केसांचा नसतो

केस नाहीत तर कोंडा कसला, असं मी धरून चाललो. पुढच्या सगळ्या चुका त्या एका समजुतीतून झाल्या. पस्तिशीत विरळ होऊ लागलेलं माझं डोकं पन्नाशीत पार मोकळं झालं होतं. कानांवर उरलेले केस मी दर रविवारी रेझरने काढत असे. टाळूवर पिवळट पापुद्रे दिसू लागले आणि खाज सुटली, तेव्हा मी ठरवून टाकलं की डोकं कोरडं पडलंय. सोलापूरचं ऊन आणि घरात बोअरचं जड पाणी, कारणं हाताशीच होती.

कोरडं म्हणून तेल. रोज रात्री बायको खोबरेल कोमट करून चोळून द्यायची. तेलाने पापुद्रे भिजून खाली बसतात, सकाळी हात फिरवला की टाळू गुळगुळीत लागते. मला वाटे, गुण येतोय. दुपारी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो की खाज परत यायची, आणि मी खडूच्याच हाताने खाजवायचो. मग रात्री तेल आणखी. आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर मॅलासेझिया नावाची बुरशी असते आणि ती तेलातल्या मेदाम्लांवर जगते, हे मला माहीत नव्हतं. केस गेले तरी टाळूच्या तेलग्रंथी जात नाहीत, त्या पाझरत राहतात. त्यात मी वरून भर घालत होतो.

एप्रिलमध्ये कोणीतरी लिंबू सुचवलं. अर्धं लिंबू सालीसकट टाळूवर घासलं, नीट धुतलंही नाही, आणि गच्चीवर कुरडया राखत तासभर उन्हात बसलो. दोन दिवसांनी टाळूवर लाल चट्टे आणि फोड आले. लिंबाच्या सालीत असं द्रव्य असतं की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा पोळते. फोड गेले, काळपट डाग काही महिने राहिले. केस असते तर ते झाकले गेले असते.

यानंतर तरी डॉक्टरकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही, कारण मला लाज वाटत होती. टक्कल घेऊन केसांच्या डॉक्टरसमोर काय बसायचं? त्याऐवजी औषधांच्या दुकानात जाऊन ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हणालो. मिळालेल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक अशी तीन औषधं एकत्र होती. तिसऱ्या दिवशी खाज गेली. लावणं थांबवलं की आठवड्यात दुपटीने यायची, म्हणून पुन्हा लावायचं. असे चार महिने गेले. 2018 मध्ये सरकारने अशा 14 स्टेरॉइडांच्या मलमांना चिठ्ठीशिवाय विकता येणाऱ्या औषधांतून काढलं आहे. एका दुकानदाराने मला तसं सांगून परतही पाठवलं होतं. मी चिठ्ठी न मागणारं दुसरं दुकान शोधलं.

आणि तीच ट्यूब मी पुतण्याला दिली. तो कॉलेजसाठी आमच्याकडे राहत होता. जांघेत नायटा झालाय, असं त्याने मोठ्या संकोचाने मला सांगितलं. काकूला सांगू नका, म्हणाला. मी कपाटातून ट्यूब काढली आणि म्हटलं, ‘माझ्या डोक्याला लागू पडलंय, लाव.’ स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण त्वचेची लढण्याची ताकदही दाबतं. खाली नायटा पसरत राहतो. तीन महिन्यांत तो त्याच्या कमरेपर्यंत आला. काकांनी दिलंय म्हणून तो लावत राहिला.

त्याला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कुठे माझ्या डोक्याचं निदान झालं. डॉक्टरांनी ट्यूब पाहिली, मग माझ्याकडे पाहून विचारलं, ‘काका, तुम्हीपण हेच लावता?’ मी टोपी काढली. त्यांनी टाळूआधी माझ्या भुवया पाहिल्या, मग नाकाच्या बाजूच्या घड्या, मग कानांमागे. सगळीकडे तेच पिवळट पापुद्रे होते. मला ते कधी दिसलेच नव्हते. याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात, त्या म्हणाल्या, कोंड्याचंच वाढलेलं रूप. कोंडा केसांचा नसतो, कातडीचा असतो.

तेल बंद झालं. कीटोकोनॅझोलचा दोन टक्क्यांचा शांपू आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. पहिल्या दोन वेळी मी तो साबणासारखा लावून लगेच धुतला, तेही चुकलं. पाच मिनिटं तसाच ठेवायचा असतो, तेवढा वेळ त्वचेवर राहिला तरच काम करतो. स्टेरॉइड एकदम न तोडता त्यांनी सौम्य मलम देऊन उतरवत आणलं. अंगाचा साबण डोक्याला लावायचा नाही, पाणी कढत नको. अंघोळीनंतर टाळू टिपून बिनवासाचं मॉइश्चरायझर हलक्या हाताने. रेझरऐवजी ट्रिमर. उन्हात टोपी. रात्री खाज उठली तर नखं न लावता गार पाण्यात पिळलेलं सुती फडकं टाळूवर ठेवायचं. हे फडकं मी आजही उशाशी ठेवतो. दहा मिनिटांत खाज ओसरते आणि त्वचा शाबूत राहते. दुखणं मुळापासून जात नाही, थंडीत किंवा जागरणं झाली की डोकं वर काढतं. मग शांपू पुन्हा सुरू करतो. हेल्मेटचं अस्तरही धुवा, डॉक्टर निघताना म्हणाल्या, घाम आणि तेल त्यातच मुरतं.

पुतण्याला कित्येक महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. नायटा गेला. जांघेत स्टेरॉइडने कातडी फाटल्यासारखे पट्टे उमटलेत, ते पुरते जाणार नाहीत असं डॉक्टरांनी त्याच्यादेखत सांगितलं. परतताना गाडीवर मी त्याला म्हणालो, ‘माझं चुकलं रे.’ मागून काही उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी उठून पाहिलं, तर माझ्या हेल्मेटचं अस्तर धुऊन गच्चीतल्या दोरीवर वाळत घातलेलं होतं.