ताळेबंदापलीकडे

बारावी वाणिज्यात उत्तम गुण मिळविणाऱ्या कन्येने तत्त्वज्ञानात पदवी घेण्याचे ठरविले, तेव्हा पेढीवरील वडिलांनी विचारले, "बेटा, यात मिळकत काय?" प्रश्न रास्तच होता. तिने बिमल कृष्ण मतिलाल यांचे नाव घेतले. कोलकाता व हार्वर्ड येथे शिकून ते पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. १९८१ मध्ये त्यांचा अनेकांतवादावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

"प्रत्येकाला ऑक्सफर्ड मिळत नाही."

"खरे आहे, पप्पा, पण कायदा, अध्यापन, प्रशासकीय सेवा या वाटा खुल्याच आहेत."

प्रवचनात 'स्यात्' ऐकून मान डोलविणारे आपण घरी मात्र एकच नय धरून बसतो, हे वडिलांना उमगले. त्यांनी अर्जावर सही केली. चिंता राहिलीच, तीही एका अपेक्षेने सत्यच होती.